कॅस्केड भरलेलं, तरी गाडी अर्धीच

सीएनजी पंपावरची तक्रार एका ओळीत लिहिलेली होती : "पहाटे पाच-सहा गाड्या नीट भरतात, मग भरणा अडतो. दहा मिनिटं थांबलं की आपोआप सुरू होतो." खाली निष्कर्षही काढून ठेवलेला : कॉम्प्रेसर अपुरा पडतोय, दुसरा द्या.

निष्कर्ष अगदीच खुळा नव्हता. कॅस्केड म्हणजे पंपावरचा दाबलेल्या गॅसचा साठा : 75 लिटरचे 40 सिलिंडर, एकूण 3,000 लिटर, लो-मीडियम-हाय अशा तीन बँकांत वाटलेले. गाडी आधी लो बँकेतून भरते, प्रवाह मंदावला की मीडियम, शेवटी हाय. लागोपाठ गाड्या आल्या तर हाय बँकही 200 बारच्या खाली उतरते आणि मग गाडी 200 बारपर्यंत जाऊच शकत नाही. दहा मिनिटांत कॉम्प्रेसर बँक पुन्हा चढवतो आणि भरणा सुरू होतो. म्हणजे "थोडं थांबलं की बरं होतं" हे लक्षण कमजोर कॉम्प्रेसरलाही लागू पडतं.

म्हणून पहाटे चारला पोचून आम्ही कॉम्प्रेसरकडे न जाता बँकांच्या गेजसमोर उभे राहिलो. सातव्या गाडीला डिस्पेन्सर, म्हणजे गाडीत गॅस भरणारं यंत्र, 110 बारवर अडला. त्याच क्षणी हाय बँक 235 बारवर. गॅस आहे, दाब आहे, वाट बंद आहे. डिस्पेन्सरच्या इनलेट फिल्टरच्या आधी 230 आणि नंतर 115 बार. निरोगी फिल्टरवर हा फरक दोन-चार बारच्या पुढे जात नाही.

फिल्टरच्या अंगावर पांढरं दव गोठलेलं होतं. ते पाहून ऑपरेटर म्हणाला, "साहेब, रोजच असतं." त्याचं बरोबर होतं. 235 बारचा गॅस रिकाम्या सिलिंडरच्या 20-30 बारकडे धावतो तेव्हा कितीतरी अंशांनी गार होतो, आणि बाहेरच्या हवेतलं बाष्प धातूवर गोठतं. बाहेरच्या बर्फावरून आत पाणी आहे असं ठरवता येत नाही. मात्र आत पाणी असेल तर त्याला गोठायला शून्य अंशही लागत नाही. मिथेन (सीएनजीतला मुख्य वायू) आणि पाणी मिळून हायड्रेट, म्हणजे बर्फासारखा घट्ट गोळा, होतं, आणि 100 बारला ते 12-13 अंशांवरही तयार होतं. प्रवाह थांबला की धातू हवेच्या उबेनं तापतो, गोळा वितळतो, भरणा पुन्हा चालू. दहा मिनिटांचा हिशेब असाही बसत होता.

फिल्टर उघडण्याआधीचं काम घाईचं नाही. दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करून कुलूप लावलं आणि दाब दोन्हीकडून एकाच वेळी, हळूहळू उतरवला. एकच बाजू मोकळी केली तर अडकलेला गोळा बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. ज्योत किंवा हीट गन तर नाहीच. फिल्टरवर कोमट पाण्याची फडकी गुंडाळली. बाउल काढला तेव्हा तळाशी पांढरा चिखल होता, चुरचुरत गॅस सोडणारा. कॅस्केडच्या खालच्या ड्रेनमधूनही पाणी आलं, वर तेलाचा पातळ थर.

पण गॅस वाळवणाऱ्या ड्रायरच्या पॅनेलवर दवबिंदू, म्हणजे बाष्प ज्या तापमानाला सुटायला लागतं तो आकडा, उणे 42 अंश. म्हणजे गॅस अगदी कोरडा. काल उणे 42, गेल्या आठवड्यातही उणे 42. ज्या मीटरचा काटा ऋतू, वेळ, टॉवर काहीच ओळखत नाही तो मोजत नसतो. मीटरकडे गॅस नेणाऱ्या सॅम्पल लाइनची तोटी बंद होती. कधीतरी देखभालीसाठी बंद केलेली, तशीच राहिलेली. प्रोब त्याच कोंडलेल्या कोरड्या गॅसचं माप रोज सांगत होता. तोटी उघडली आणि अर्ध्या तासात आकडा शून्याच्या वर गेला.

ड्रायर दोन टॉवरचा, कॉम्प्रेसरच्या आधी, 16 बारवर. एक टॉवर गॅस वाळवतो तेव्हा दुसऱ्यातल्या मॉलिक्युलर सीव्हमधलं (पाणी शोषणाऱ्या दाण्यांमधलं) पाणी 200 अंशांच्या पुढच्या गरम गॅसनं काढतात (हेच रिजनरेशन), आणि दर 12 तासांनी अदलाबदल होते. लॉगमधल्या तक्रारींच्या वेळा टॉवरच्या नोंदींशेजारी ठेवल्या तेव्हा सगळ्या 'बी' टॉवरच्या पाळीत पडल्या. 'बी' संध्याकाळी सहाला लागायचा आणि पहाटेच्या गारठ्यात उघडा पडायचा.

'बी'च्या रिजनरेशन व्हॉल्व्हचं कपलिंग तुटलं होतं. व्हॉल्व्ह फिरवणारा अ‍ॅक्च्युएटर फिरायचा, पॅनेलवर हिरवा दिवा लागायचा, आतला बॉल मात्र जागचा हलायचा नाही. गरम गॅसला वाटच नाही, म्हणून हीटर जास्त तापून ट्रिप व्हायचा. तो अलार्म रोज कुणीतरी बटण दाबून गप्प करायचं. कंट्रोलर घड्याळावर चालणारा. वेळ संपली म्हणजे टॉवर वाळला, असा त्याचा समज. टॉवरच्या आउटलेटचं तापमान वाढलं की नाही, हे त्याला कुणी विचारायला सांगितलंच नव्हतं. माझ्या मते ही रचनेतलीच चूक आहे. अदलाबदलीची अट तापमानाची हवी, वेळ फक्त वरची मर्यादा म्हणून.

तरी एवढं पाणी कुठलं? पाइपलाइनच्या चांगल्या गॅसमध्ये घनमीटरमागे शंभरेक मिलिग्रॅम बाष्प असतं. ताशी 1,000 घनमीटरच्या पंपाला 12 तासांत सव्वा लिटरच्या आसपास पाणी. वीस अंशांना 16 बारचा गॅस पाण्यानं पूर्ण भरलेला असेल तर हेच प्रमाण एक ग्रॅमच्या वर जातं, म्हणजे त्याच पाळीत 12-13 लिटर. शिवाय 16 वरून 250 बारला दाबलं की बाष्पाचा आंशिक दाब जवळजवळ पंधरापट होतो. पाइपात बाष्परूपात राहिलेलं पाणी कॅस्केडमध्ये सुटतं. वरच्या बाजूला दोन महिन्यांपूर्वी नवा पाइप जोडला होता. तो पाण्यानं प्रेशर टेस्ट केलेला आणि घाईनं वाळवलेला निघाला.

वाहनांसाठी गॅस आणायचा म्हटलं की आराखड्यात गाड्या, किट आणि कॉम्प्रेसर मोजले जातात. ड्रायरला एक ओळ मिळते. न्यूझीलंडमध्ये ऐंशीच्या दशकात लाखाहून अधिक गाड्या सीएनजीवर होत्या, आणि सरकारी सवलती आटल्यावर ते जाळं जवळजवळ विरून गेलं. तिथलं कारण पैशाचं होतं, पाण्याचं नाही. पण गाडीवाला पेट्रोलकडे किती पटकन परततो ते त्यातून दिसतं.

दुरुस्तीत कपलिंग बदललं आणि 'बी' टॉवर लागोपाठ दोनदा तापवला. आउटलेट 150 अंशांच्या पुढे जाईपर्यंत गॅस सोडला नाही. तेलकट झालेला सीव्हचा वरचा थर काढून नवा भरला, कारण तेल चढलेला सीव्ह तापवला की त्यावर कोळसा बसतो. कॅस्केडचे सगळे ड्रेन तीन दिवस दर पाळीला उघडले.

गाड्यांत गेलेलं पाणी वेगळं प्रकरण. गाडीचा रेग्युलेटर 200 बारवरून काही बारवर आणताना गोठू नये म्हणून इंजिनच्या गरम पाण्यानं तापवलेला असतो, पण पहाटे इंजिनच गार. त्या भागातल्या गॅरेजांत "गाडी सकाळी गॅसवर धरत नाही" म्हणून किट बदलून घेतलेले लोक होते. पंपावर नियमित येणाऱ्या गाड्यांचे सिलिंडर आतून तपासायला काढले. स्टीलच्या काहींच्या तळाशी गंजाची रेघ होती. ते चाचणीला पाठवताना सोबत चिठ्ठी दिली, की हायड्रो टेस्टनंतर (पाणी भरून केलेल्या दाबाच्या चाचणीनंतर) सिलिंडर गरम हवेनं वाळवून, आत दिवा सोडून बघितल्याशिवाय व्हॉल्व्ह बसवू नये.

पुढचा पाइप जोडण्याआधी फोमचे पिग, म्हणजे पाइप आतून पुसत जाणारे बोळे, पाठवून, कोरड्या हवेनं वाळवून, टोकाला वातावरणीय दाबावर दवबिंदू उणे 20 आला की 12 तास बंद ठेवायचा आणि पुन्हा मोजायचा, असं लेखी ठरलं. पहिल्याच मोजणीत आकडा उणे 20 वरून उणे 6 वर चढला होता. पाइप आणखी चार दिवस वाळवावा लागला.