क्लॅन क्रुसेडर, नोंद ३ : जोडरेषा, अर्थिंग आणि रबरी कपलिंग

क्लॅन क्रुसेडर या १९७० च्या दशकातल्या छोट्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीची मी दुरुस्ती करतो आहे. काचा, दारे, सीट आणि वायरिंग मागच्या टप्प्यात उतरवले. आता उघडी बॉडी आधारावर उभी आहे. या गाडीला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही. सगळा भार फायबरग्लासची बॉडीच पेलते, म्हणून जॅक कुठेही लावून चालत नाही. जॅकचे तोंड छोटे असले की फरशीचा थर आतून फुटतो आणि वरून महिनाभर काही कळत नाही. दोन्ही बाजूंना कडेलगत रुंद लाकडी फळ्या टाकून भार पसरवला आहे. बॉडी उचलण्याआधी आणि उचलल्यावर दारांच्या चौकटीचे कर्ण मोजले. दोन्ही बाजूंचा फरक १ मि.मी.च्या आत आहे, म्हणजे बॉडी पिळलेली नाही.

ही गाडी वॉशिंग्टनमध्ये बनली. वॉशिंग्टन म्हणजे अमेरिकेतले नव्हे, इंग्लंडच्या ईशान्येचे, तेव्हाच्या डरहॅम काउंटीतले. कोळशाच्या खाणींचा हा भाग १९६४ मध्ये 'नवे शहर' म्हणून जाहीर झाला आणि नवे उद्योग आणायचे प्रयत्न सुरू झाले. लोटस या स्पोर्ट्स गाड्यांच्या कंपनीत काम केलेल्या पॉल हाउसाउअर यांनी तिथे क्लॅन मोटर कंपनी उभी केली आणि १९७१ पासून गाड्या निघू लागल्या. आकार जॉन फ्रेलिंग यांचा. १९५७ च्या लोटस एलीटच्या घडणीतही त्यांचा हात होता, आणि फायबरग्लासची भार पेलणारी बॉडी हे एलीटचेच वैशिष्ट्य. म्हणजे वॉशिंग्टनमध्ये आलेली माणसे हे तंत्र आधी करून, त्यातल्या चुका भोगून आलेली होती. हातात मॅट (काचतंतूंची चटई) घेऊन काम करताना ते जाणवते.

बॉडीचे वरचे आणि खालचे असे दोन मुख्य भाग कमरेच्या रेषेवर जोडलेले आहेत. या टप्प्यातले सगळ्यात वेळखाऊ काम याच जोडावर होते. जोड सुटला आहे का हे बघायला नाण्याच्या कडेने दर ३० मि.मी.वर टकटक करायची. घट्ट जागी आवाज टणक येतो, सुटलेल्या जागी पोकळ. डाव्या मागच्या चाकाच्या वर साधारण ३०० मि.मी. पट्टा पोकळ वाजला. तिथे पूर्वी कोणीतरी नुसती पुट्टी भरून वर रंग मारला होता. पुट्टीला ताण सोसत नाही. थरथरीने ती सैल होते, फटीतून पाणी शिरते आणि मग आतला थर पांढरा पडतो.

दुरुस्तीचा क्रम असा ठेवला: रंग आणि जेलकोट (फायबरग्लासवरचा रेझिनचा बाहेरचा थर) ८० नंबरच्या पेपरने पूर्ण काढायचा. खराब थर काढून कडा उताराला लावायची. उतार खोलीच्या किमान १२ पट, म्हणजे ३ मि.मी. खोल खड्ड्याला ३६ मि.मी. रुंद उतार. उतार आखूड ठेवला तर नव्या-जुन्या थराच्या सीमेवर वर्षभरात केसासारखी रेघ दिसू लागते. ॲसिटोनने पुसून पूर्ण वाळू द्यायचे. मग आतल्या बाजूने ४५० ग्रॅम प्रति चौ.मी.ची चॉप्ड स्ट्रँड (आखूड तुकड्यांच्या तंतूंची) मॅट, तीन थर, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा मोठा. सरासरी ३०० × ४०० मि.मी.च्या तुकड्यांचे तीन थर म्हणजे मॅट सुमारे १६० ग्रॅम. पॉलिएस्टर रेझिन तिच्या अडीचपट, ४०० ग्रॅम. हार्डनर २ टक्के, ८ ग्रॅम. वजनकाट्याशिवाय हे काम करू नये. 'अंदाजाने' टाकलेला हार्डनर जास्त झाला की रेझिन डब्यातच तापून घट्ट होते. कमी झाला की दोन दिवसांनीही पृष्ठभाग चिकट राहतो. इंग्लंडच्या हिवाळ्यात १५ अंशांखाली तर सुरुवातच करू नये. प्रत्येक थरावर लोखंडी रोलर फिरवून हवा काढायची. राहिलेला बुडबुडा म्हणजे पुढची तडे पडण्याची जागा.

जुना थर कापताना रेझिन सगळीकडे सारखे मुरलेले आढळले, कुठे कोरडी मॅट नाही. स्वस्तात उरकलेली बॉडी अशी नसते.

मग कारखाना दोन-अडीच वर्षांत का बंद पडला? इंग्लंडमध्ये तयार गाडीवर खरेदी कर होता, सुट्या भागांच्या किटवर नव्हता. घरी जोडायची गाडी त्यामुळे बरीच स्वस्त पडायची आणि क्लॅनही किट विकत होती. १ एप्रिल १९७३ ला व्हॅट लागू झाला, खरेदी कर गेला आणि किटचा फायदा संपला. त्यातच इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन हे सगळे हिलमन इंप या छोट्या गाडीचे, म्हणजे तेव्हा हिलमनची मालक असलेल्या क्रायस्लरकडून यायचे. ब्रिटिश मोटार उद्योगात संप चालू होते. एक भाग अडला तरी अख्खी गाडी अडायची. १९७३ मध्येच कुलूप लागले. तोवर सुमारे ३१५ गाड्या बाहेर पडल्या होत्या. पुढे साचे सायप्रसला गेले, आणि १९८० च्या दशकात उत्तर आयर्लंडच्या न्यूटाउनआर्ड्समध्ये ही गाडी पुन्हा बनली, तीही थोडाच काळ. वॉशिंग्टनच्या शेजारीच १९८६ मध्ये निसानचा कारखाना सुरू झाला आणि तो टिकला. जागा वाईट होती असे म्हणायला वाव नाही.

वायरिंग परत टाकताना एक गोष्ट डोक्यात पक्की असू द्या: फायबरमधून वीज वाहत नाही. पत्र्याच्या गाडीत दिव्याच्या विजेचा परतीचा रस्ता बॉडी असते, इथे प्रत्येक दिव्याला वेगळी अर्थ वायर लागते. इंडिकेटर लावला की टेल-लॅम्प मिणमिणतो, हेडलाइट लावल्यावर पेट्रोलचा काटा हलतो, या तक्रारींचे कारण बहुतेक वेळा सामायिक अर्थचा गंजलेला बोल्ट. मागे आणि पुढे एकेक तांब्याची पट्टी बसवून सगळ्या अर्थ वायरी तिथे आणल्या, आणि त्या पट्ट्या जाड केबलने बॅटरीला जोडल्या. दिवे चालू ठेवून दिव्याच्या अर्थ टोकापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत मोजले तर ०.२ व्होल्टपेक्षा जास्त पडता कामा नये. डाव्या टेल-लॅम्पला ०.७ आला. क्रिम्प (वायरच्या टोकाला दाबून बसवलेला जोड) नीट दाबला गेला नव्हता.

ड्राइव्हशाफ्टची (गिअरबॉक्सकडून चाकांकडे शक्ती नेणाऱ्या दांड्यांची) रोटोफ्लेक्स कपलिंग, म्हणजे जोडणीच्या रबरी चकत्या, दोन्ही बाजूंची बदलली. रबरी कपलिंगला तेल लागले की रबर फुगते आणि बोल्टच्या भोकांपासून चिरते. त्यामुळे आधी गिअरबॉक्सचे ऑइल सील, मग कपलिंग. नवे कपलिंग लोखंडी पट्ट्यात आवळलेले येते. सहाही बोल्ट बसेपर्यंत तो पट्टा कापू नका. आधी कापला की रबर पसरते, भोके जुळत नाहीत आणि मग मोठ्या होज क्लिपने आवळत बसावे लागते.

इंजिन इंप स्पोर्टचे, ८७५ सी.सी., ५१ अश्वशक्ती, ४५ अंशांत आडवे कललेले, ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे. मूळ कूळ कॉव्हेंट्री क्लायमॅक्सच्या अग्निशमन पंपाच्या हलक्या इंजिनाचे. ते एकदा जास्त तापले की हेड वाकते आणि गॅसकेट जाते. तापण्याचे नेहमीचे कारण मागे असलेला रेडिएटर. चाकांची धूळ-माती त्याच्या पंखांत बसते. बाहेर काढून हवेच्या दिशेच्या उलट बाजूने हलक्या दाबाच्या पाण्याने धुतला. प्रेशर वॉशरने पंख दुमडतात. पाणी भरताना हीटरचा कॉक पूर्ण उघडा हवा, कारण पुढच्या हीटरपर्यंतच्या लांब नळ्यांत हवा अडकते. हीटर गार आणि तापमानाचा काटा वर, असे दिसले तर इंजिन लगेच बंद. कूलंट बारमाही गंजरोधकाचे. साधे पाणी ॲल्युमिनियम आतून खाते.

उरलेले काम: दोन्ही स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटरचे डायफ्राम (पातळ रबरी पडदे) उजेडात ताणून बघायचे. सुईच्या टोकाएवढे भोकही कार्ब्युरेटरमधला पिस्टन पूर्ण उचलू देत नाही आणि गाडी वरच्या वेगाला दम टाकते. जोडरेषेवरचा नवा थर तोवर पूर्ण पिकू दे, प्रायमर त्यानंतर.