तोळाभर गोळी

दिवाळीनंतरच्या रविवारी माळ्यावरची खोकी खाली काढली, तेव्हा माझी अमेरिकेतली वही अण्णांच्या हाती लागली. निळ्या पुठ्ठ्याची, कडांना वंगणाचे डाग पडलेली. अण्णांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि एकेक पान वाचायला घेतलं. मजकूर मराठीत, आकडे मात्र सगळे ग्रेनमध्ये, इंग्रजांच्या जुन्या वजनात. एका पानावर ते थांबले.

"गोळी, एकशेऐंशी ग्रेन. हे काय रे?"

"तिकडं बंदुकीची गोळी ग्रेनमध्येच तोलतात, अण्णा."

"ते कळलं की. एकशेऐंशी ग्रेन म्हणजे तोळा. जुना तोळा."

मी गप्पच झालो. सोनाराच्या घरात जन्मलो, इतकी वर्षं त्या गोळ्या चिमटीत धरल्या आणि हे एकदाही डोक्यात आलं नाही. कंपनी सरकारनं १८३३ मध्ये चांदीच्या रुपयाचं वजन १८० ग्रेन ठरवलं आणि तेवढंच तोळ्याचं धरलं. आजच्या मापात ११.६६ ग्रॅम. बाजारात आता दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात, पण अण्णा शाळेत असताना मेट्रिक मापं आली, त्यामुळे बारा मासे, म्हणजेच शहाण्णव गुंजांचा तोळा त्यांच्या बोटांत अजून आहे.

आमचं दुकान सोलापुरात, मधल्या मारुतीजवळ. मी गादीवर बसलो नाही. शिकलो, लेझरच्या कामात पडलो आणि अमेरिकेत माँटाना राज्यात गेलो. नोकरी बोझमनला, घर खिंडीपलीकडच्या लिव्हिंगस्टनला. लिव्हिंगस्टन एकेकाळी रेल्वेचं गाव. इंजिनं दुरुस्त करायचा मोठा कारखाना होता तिथे, तो १९८६ मध्ये बंद पडला. माझ्या शेजारचे आजोबा त्याच कारखान्यातले फिटर. सोलापुरात वाढलेल्या माणसाला बंद पडलेल्या कारखान्याबद्दल बोलणारा म्हातारा परका वाटत नाही. आमची गट्टी जमली ती तशी, शिकारीमुळे नव्हे.

ऑक्टोबरअखेर तिथे रायफलच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो, पाच आठवडे. पहिली दोन वर्षं मी नुसता त्यांच्यामागून डोंगर चढलो, अंगात भगवं जाकीट घालून. तिथे कमरेच्या वर तेवढा ठळक भगवा रंग अंगावर असावाच लागतो. तिसऱ्या वर्षी परवाना काढला. आजोबा म्हणाले, रायफल माझी वापर, पण काडतूस तुझं तू भरायचं. विकतचं काडतूस लावून जनावरावर नेम धरायचा नाही, हा त्यांच्या घरातला नियम होता. मी तिथला कायमचा रहिवासी होतो आणि स्वतःपुरती काडतुसं भरायला तिथे वेगळा परवाना लागत नाही.

रायफल थर्टी-ऑट-सिक्स. तीस म्हणजे इंचाचे शतांश, सहा म्हणजे १९०६, ज्या वर्षी अमेरिकी सैन्यानं ते काडतूस घेतलं. काडतुसात जिनसा चारच: पितळी पुंगळी, तिच्या बुडात बसणारा, ठिणगी देणारा प्रायमर, आत दारू, तोंडाला गोळी. यातली पुंगळी तेवढी उडवून झाल्यावरही हातात राहते. तीच पुन्हा भरायची.

पुंगळीनं मला पहिल्या दिवशीच घरी आणलं. सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त. गोळी सुटते तेव्हा आतल्या दाबानं पितळ फुगतं आणि नळीच्या मागच्या पोकळीचा आकार घेतं. मग ते प्रेसमध्ये, पोलादी डायमध्ये म्हणजे साच्यात दाबून पुन्हा मूळ मापावर आणायचं. लहानपणी अण्णांच्या हाताखाली जंतरातून, भोकांच्या पोलादी पट्टीतून, तार ओढली होती मी. तार ओढत गेलं की ताठर होते, मग तापवून मऊ करावी लागते, नाहीतर तुटते. पुंगळीचं तसंच. चार-पाच वेळा भरली की गोळी धरणारी तिची मान कडक होते आणि उभी चीर पडते. आजोबा मान तापवून मऊ करत, पण बुडाला आच लागू देत नसत, कारण सगळा दाब तिथेच पेलायचा असतो. त्यांनी हे सांगायच्या आधी मला ठाऊक होतं. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघितलं.

डायमध्ये घालण्याआधी पुंगळीला मेणासारखं वंगण बोटांनी चोळायचं. जास्त झालं की तिच्या मानेखालच्या खांद्यावर पोचे येतात. मी उलट केलं, कंजुषी केली, आणि सहावी पुंगळी डायमध्ये अशी रुतली की प्रेसचा दांडा खाली येईना की वर जाईना. बुडाला भोक पाडून, आटे कापून, बोल्ट लावून ती ओढून काढायला दुपार गेली. आजोबा शेजारी स्टुलावर बसून होते, हात लावला नाही त्यांनी. पुन्हा तशी पुंगळी माझ्याकडून रुतली नाही.

पुढचं काम चटकन सांगतो. पुंगळी प्रत्येक वेळी किंचित लांब होते, ६३.३ मिलिमीटरच्या वर गेली की कापायची, तोंड आतून-बाहेरून घासायचं. प्रायमर बसवल्यावर बुडावरून अंगठा फिरवायचा, तो उंच लागता कामा नये. टेबलावर एका वेळी एकाच जातीची दारू, तीही मूळ डब्यातच. जवळपास ठिणगी नाही, खाणं नाही, फोन नाही. शिसं हाताळल्यावर हात साबणानं धुवायचे. दारू किती घालायची ते आकडे मी इथे देणार नाही. ते दारू बनवणाऱ्याच्या छापील पुस्तकातून घ्यायचे, सगळ्यात खालच्या आकड्यापासून सुरुवात करायची आणि दर पायरीला पुंगळी, प्रायमर तपासत वर जायचं. एका रायफलला मानवणारं माप दुसरीला मानवेलच असं नाही. ऐकीव आकड्यानं माणसाचा डोळा जाऊ शकतो, हे आजोबा दर खेपेला म्हणायचे, मला पाठ झालं तरी म्हणायचे.

आता तोलायचं. ती दारू म्हणजे भुकटी नसते. शेवयांचे अगदी बारीक तुकडे करावेत आणि वर शिसपेन्सिलीचा काळा रंग चढवावा, तसे दाणे. चमच्यानं काट्याच्या पारड्यात घालायचे, मग चिमटीतून एकेक दाणा सोडत काटा रेघेवर आणायचा. काटा दाखवतो ग्रेनचा दहावा भाग, साडेसहा मिलिग्रॅम. गुंजेचे एकोणीस भाग केले तर त्यातला एक. मला या कामाचा कंटाळा कधीच आला नाही. उलट दिवसभराच्या मीटिंगांनंतर तेवढाच एक तास असा असायचा की हात काय करतोय ते मला पूर्ण कळत होतं.

आणि तिथेच माझी मोठी चूक झाली. लिव्हिंगस्टन हे वाऱ्याचं गाव. हिवाळ्यात महामार्गावर रिकामे ट्रक उलटतात इतका वारा. एका शनिवारी मी एकटाच त्यांच्या गॅरेजमध्ये वीस काडतुसं भरून मोकळा झालो. एकविसाव्या वेळी काटा रेघेवर थांबला, मी नजर वळवली, परत बघतो तर तो खाली. दाणा टाकला नव्हता की काढला नव्हता. थोड्या वेळानं वर. शटरच्या खालच्या फटीतून झोत येत होता आणि थेट पारड्याखाली लागत होता. पारडं वाऱ्यानं उचललं की काटा कमी दाखवतो आणि आपण जास्त दारू घालतो. आधीच्या वीसांत कोणत्या बरोबर, कोणत्या चुकल्या, हे कळायला मार्ग नव्हता. गोळ्या बसवून झाल्या होत्या.

त्या कामासाठी एक पोकळ प्लॅस्टिकचा हातोडा मिळतो. काडतूस त्यात उलटं अडकवून लाकडावर आपटायचं, झटक्यानं गोळी सुटून खाली येते. वीसच्या वीस मी तशा फोडल्या. दारू डब्यात परत, पुंगळ्या रांगेत. मग शटरखाली गोधडी सरकवली, काटा शून्यावर आणला, तपासणीच्या वजनानं पडताळला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. वहीत त्या तारखेला एकच ओळ आहे: "वारा. २० परत."

अण्णांनी ती ओळ वाचली आणि विचारलं. मी सगळं सांगितलं. ते बराच वेळ वहीकडेच बघत होते.

"आपल्या दुकानात तोलताना पंखा कोण बंद करायचं?"

"मीच, अण्णा."

सहा-सात वर्षांचा असताना माझं दुकानातलं पहिलं काम ते होतं. गिऱ्हाईक बसलं, काचेच्या पेटीतला काटा उघडला की स्टुलावर चढून पंख्याचं बटण बंद करायचं. मे महिन्यातल्या सोलापुरात, बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत, गिऱ्हाईक घामाघूम व्हायचं पण पंखा सुरू करा म्हणायचं नाही.

एकशेऐंशी ग्रेनची गोळी आम्ही घ्यायचो ती नॉस्लर कंपनीची. जॉन नॉस्लरनं १९४६ मध्ये कॅनडात मूस या थोराड हरणावर झाडलेल्या गोळ्या चिखलानं माखलेल्या कातडीवरच फुटून गेल्या, आत पोचल्या नाहीत. त्यावर त्यानं गोळीच्या पोटात तांब्याचा आडवा पडदा ठेवला. पुढचं शिसं छत्रीसारखं उमलतं, मागचं तसंच राहतं आणि आत जातं. जनावर जखमी होऊन तडफडत फिरू नये, यासाठीची ही सगळी खटपट. काडतूस हातानं भरण्यात पैसे थोडे वाचतात, लक्ष्यावर लागलेल्या गोळ्यांचा गठ्ठा लहान होतो. माझा शंभर यार्डांवर दोन इंचांवरून एका इंचावर आला. पण त्या एका इंचासाठी मी गोधडी सरकवली नव्हती. ती गोळी सेकंदाला आठशे मीटरच्या वर वेगानं जाऊन एका जिवंत अंगात शिरणार होती आणि ती कुठे शिरते याला मी जबाबदार होतो.

त्या नोव्हेंबरात एल्कची मादी, आपल्या सांबराहून थोराड, दीडशे यार्डांवर. गोळी एकच. ती तीन-चार पावलं चालली आणि मागच्या पायांवर बसली, मग कुशीवर गेली. आजोबा म्हणाले, थांब, जाऊ नको लगेच. आम्ही बर्फात बसून राहिलो. माझे हात थरथरत होते ते गोळी झाडताना नव्हे, त्यानंतर. मांस उतरवायला चार फेऱ्या झाल्या. मांस वाया घालवणं तिथे गुन्हा आहे आणि तो कायदा मला पटतो. आईनं पाठवलेला काळा मसाला घालून रस्सा केला, आजोबांनी तीन वाट्या प्यायला.

आईच्या आजारपणात परत आलो ते कायमचा. प्रेस, डाय, काटा सगळं आजोबांच्या टेबलावर ठेवून आलो. रिकामी पुंगळीसुद्धा खिशात ठेवली नाही. विमानतळावर ती सापडली तर आर्म्स ॲक्ट आहे. इथे १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद आहे आणि बंदच राहावी. बार्शी रस्त्यावर नान्नजला गेलं की काळविटांचा कळप माळावर दिसतो. माळढोकासाठी ते अभयारण्य १९७९ मध्ये झालं. माळढोक आता दिसेनासा झालाय. माँटानात एल्क मोजून परवाने देण्याइतके आहेत, आपल्याकडे ती मोजणीच उरली नाही. नान्नजला मी दुर्बीण घेऊन जातो. काळवीट मान वळवतो तेव्हा अजूनही नजर त्याच्या पुढच्या पायामागे, फुप्फुसाच्या जागी जाते. ती सवय गेलेली नाही, हे कबूल करतो.

संध्याकाळी अण्णा दुकानात घेऊन गेले. तिजोरीतल्या डबीतून त्यांनी राणीछाप रुपया काढला, त्यांच्या आजोबांच्या वेळचा, काठ घासून गुळगुळीत झालेला. पंखा त्यांनीच बंद केला. इलेक्ट्रॉनिक काट्यावर रुपया ठेवला, आकडा ठरेपर्यंत थांबले आणि माझ्या वहीत एकशेऐंशीच्या खाली आपल्या तिरक्या अक्षरात लिहिलं: "रुपया १. ११.५२ ग्रॅम. झीज धरून."