तुम्ही विचारलंत म्हणून : हाताने केलेली भेट

मी घरी काही ना काही करून भेट देते हे कळलं की माणसं एक प्रश्न हमखास विचारतात. कोणी सरळ विचारतं, कोणी आडून. ‘घरी केलेली वस्तू समोरच्याला खरंच आवडते का हो? की तोंडावर छान म्हणतात आणि कपाटात टाकतात?’ अलीकडे एका बाईंनी हाच प्रश्न विचारला, तेव्हा त्यांच्या हातात स्वतः रंगवलेली काचेची बरणी होती. द्यावी की देऊ नये या विचारात त्या ती बरणी नुसती फिरवत होत्या. त्यांना मी उभ्या उभ्या दोन वाक्यांत उत्तर दिलं आणि घरी आल्यावर चुटपुट लागून राहिली. म्हणून आता नीट लिहिते.

आवडते. मात्र आपल्याला ती करताना जितकी आवडली त्यावरून काहीच ठरत नाही. हे मला एका मैत्रिणीने शिकवलं. तिच्या नव्या घरासाठी मी मॅक्रमेचा, म्हणजे दोरीला नुसत्या गाठी मारून केलेला, भिंतीवर लावायचा पडदा केला होता, चांगला दोन हात रुंद. तीन आठवडे रोज रात्री जेवणं आटोपली की गाठी मारत बसायचे. दिला तेव्हा तिचे डोळे भरून आले. वर्षभराने तिच्याकडे गेले तर भिंतीवर तो नव्हता. मी काही विचारलं नाही, तीच म्हणाली, “अगं, रागावू नकोस. एका भिंतीला खिडकी, दुसरीला कपाट. तो लावायचा कुठे?” मग तिने तो काढून दाखवला. सुती कापडात गुंडाळून, झिरमिळ्या विंचरून ठेवला होता. तिने जपला होता, वापरला नव्हता. तिला भिंत किती मोकळी आहे हे मी आधी विचारलंच नव्हतं.

पुढे कधीतरी एक अभ्यास वाचनात आला आणि ही गोष्ट लख्ख कळली. मायकल नॉर्टन, डॅनियल मोकॉन आणि डॅन एरिएली या तिघांनी काही लोकांना कागदाच्या घड्या घालून ओरिगामी करायला लावली. करणारे अगदी नवशिके. नंतर त्या घड्यांसाठी किती पैसे द्याल असं विचारलं. करणाऱ्यांनी स्वतःच्या वस्तूला जी किंमत लावली ती जवळपास तज्ज्ञांनी केलेल्या ओरिगामीइतकी होती. त्याच वस्तूंना त्रयस्थांनी त्याच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढीच किंमत लावली. आणि करणाऱ्यांची अशीही समजूत होती की इतरांनाही आपल्यासारखंच वाटेल. हा निबंध २०१२ साली प्रसिद्ध झाला. वाचताना मला तो गुंडाळलेला पडदा दिसत होता.

याचा अर्थ करू नये असा मी मुळीच घेत नाही. मला त्यातून इतकंच कळलं की आपल्या कष्टांचं मोल घेणाऱ्याला आपोआप दिसत नाही. त्याला वस्तू दिसते. तेव्हा ती वस्तू त्याच्या घरात, त्याच्या हातात, त्याच्या दिवसात कुठे बसेल याचा विचार करण्यापूर्वी कात्री हातात घ्यायची नाही, हा मी माझ्यापुरता नियम केला. तेव्हापासून मी लहान वस्तू करते. वापरून संपणारी, नाहीतर नको असेल तेव्हा घडी करून ठेवता येणारी.

सगळ्यांत जास्त वेळा मी वही करते, आणि तुम्ही पहिल्यांदाच काही करणार असाल तर वहीच करा असं सांगेन. ‘ए ४’चे सहा-आठ कागद, वर जाड रंगीत कागदाचं एक वेष्टण, सुई आणि दोरा. यंत्र लागत नाही की खास जागा लागत नाही. कागद मधोमध दुमडले की ‘ए ५’ आकाराची वही होते, आणि तिची लांबी-रुंदी अजिबात बेढब वाटत नाही. त्याचं कारण मोठं सुंदर आहे. या कागदांच्या बाजूंचं प्रमाण १ ला दोनाचं वर्गमूळ असं ठेवलेलं आहे, त्यामुळे कागद अर्धा केला तरी तेच प्रमाण कायम राहतं. गेओर्ग लिश्टेनबर्ग नावाच्या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १७८६ साली एका पत्रात या प्रमाणाबद्दल लिहिलं होतं, आणि १९२२ मध्ये जर्मनीत त्यावरून कागदाची मापं प्रमाणित झाली. रोज हाताळतो त्या कागदात एवढं गणित आहे हे कळल्यापासून तो दुमडताना मला जास्तच आनंद होतो.

आता बारकावा. कागदालाही लाकडासारखा उभा-आडवा असतो, म्हणजे त्यातले बहुतेक तंतू एकाच दिशेने असतात. कागद हातात धरून, घडी न घालता, नुसता वाकवून पाहा. एका दिशेने तो सहज वाकतो, दुसऱ्या दिशेने जरा अडतो. ज्या दिशेने सहज वाकतो त्या दिशेनेच वहीची घडी पडली पाहिजे. मग वही उघडली की पानं निवांत आडवी पडतात. उलटी पडली तर पानं ताठ उभी राहतात, आणि लिहिणाऱ्याला एका हाताने वही दाबून धरावी लागते. गंमत अशी की ‘ए ४’च्या बऱ्याच कागदांत तंतू लांबीच्या दिशेने असतात, म्हणजे मधोमध दुमडले की घडी नेमकी उलटी पडते. यावर उपाय म्हणजे लांबीकडे तंतू असलेला ‘ए ३’ कागद आणायचा, तो मध्ये कापायचा आणि मग दुमडायचा. माझ्या पहिल्या काही वह्या कुरकुरत उघडायच्या. त्याचं कारण मला फार उशिरा कळलं.

शिवणही सोपी. घडीवर तीन भोकं, एक बरोबर मध्ये, दोन टोकांपासून तीन-चार सेंटिमीटर आत. दोरा वहीच्या उंचीच्या अडीचपट, म्हणजे अर्ध्या मीटरला थोडा जास्त. त्यावरून मेणबत्तीचा तुकडा एकदा ओढून घ्यायचा म्हणजे तो गुंतत नाही. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढायची, वरच्या भोकातून आत घ्यायची, आतल्या आत मधलं भोक सोडून थेट खालच्या भोकातून बाहेर, आणि पुन्हा मधल्या भोकातून आत. आता दोऱ्याची दोन टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना आली असतील. तो टाका मध्ये धरून गाठ मारायची. झाली वही. दोरा ओढताना घडीच्या रेषेत ओढायचा, स्वतःकडे ओढला की कागद फाटतो.

गाठ मारल्यावर वही मिटून पाहा. आतली पानं बाहेरच्या पानांपेक्षा एखाद मिलिमीटर पुढे आलेली दिसतील, कारण बाहेरच्या कागदाला आतल्या सगळ्यांच्या जाडीला वळसा घालावा लागतो. घरगुती वही आणि देण्याजोगी वही यांत फरक करतो तो हा एक मिलिमीटर. लोखंडी पट्टी लावायची, कटरचं पातं नवं घ्यायचं, आणि जोर न करता हलक्या हाताने दहा-बारा वेळा फिरवायचं. एकदम दाबून कापलं की पातं तिरकं जातं. ही कड सरळ झाली की वही एकदम वेगळी दिसू लागते. घेणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण त्याचा अंगठा त्या कडेवरून फिरतोच.

कडांवर माझा फार विश्वास आहे. कापडी पिशवी असो, चौकटीतलं चित्र असो, शुभेच्छापत्र असो, माणूस पहिल्यांदा कड पाहतो. नक्षी कमी असली तरी चालते. दोरे लोंबत असले, गोंद बाहेर आला असला, की मात्र सगळी मेहनत पाण्यात. गोंदाचं तर असं, की पांढरा गोंद त्यातलं पाणी उडून गेलं की धरतो. जाड थर दिला तर कागद भिजतो, फुगतो आणि वाळताना वाकतो. पातळ थर, वर वजन, आणि रात्रभर हात लावायचा नाही. काचेवर प्लॅस्टिक चिकटवायला हाच गोंद वापरला तर दोन्हींकडून पाणी जायला वाटच नसते, तो आतच ओला राहतो आणि आठवड्याने तुकडा हातात येतो.

ज्या बाईंच्या हातात बरणी होती त्यांचीही अडचण थोडीफार हीच होती. रंग छान होते, एके ठिकाणी मात्र नखाएवढा पोपडा सुटला होता. काच गुळगुळीत असते आणि तिच्यावर आपल्याच बोटांचा तेलकटपणा बसलेला असतो. रंगवण्याआधी ती साबणाने धुऊन, कोरडी करून, स्पिरिटच्या बोळ्याने पुसायला हवी आणि नंतर कडेलाच धरायला हवी. लेबलाचा चिकटपणा राहिला असेल तर त्यावर तेल चोळून थोडा वेळ ठेवायचं, तो सुटतो, आणि मग मात्र ते तेल पूर्ण धुवायचं. त्यांना मी म्हटलं, द्याच ही बरणी. फक्त पाण्यात न जाणाऱ्या कामाला द्या, पेन-ब्रश ठेवायला. ते त्यांना पटलं.

एका बाबतीत मी आग्रहाने नको म्हणते, ते म्हणजे वाळलेली फुलं लावलेली मेणबत्ती. दिसते फार देखणी. पण वाळलेली पाकळी म्हणजे दुसरी वातच. ज्योत खाली उतरली की ती पेट घेते. आपण समोर नसताना कोणाच्या तरी घरात ती जळणार असते. साधी मेणबत्ती जरूर करा. मेण थेट आचेवर न ठेवता पाण्याच्या भांड्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवा, आणि कधी पेटलंच तर त्यावर पाणी ओतू नका, झाकण टाका आणि आच बंद करा. फुलं दाबून वाळवायची असतील तर ती शुभेच्छापत्रावर लावा. वर्तमानपत्रात मात्र ती कायमची ठेवू नका. त्या कागदात लिग्निन नावाचं लाकडातलं द्रव्य असतं, उजेडाने आणि हवेने तो पिवळा पडतो आणि पाकळ्यांनाही डाग देतो. टिपकागद घ्या आणि पहिले काही दिवस तो रोज बदला.

मॅक्रमे मी सोडलेलं नाही. आता कुंडीची शिंकाळी करते, कारण छताला एक हूक बहुतेक घरांत निघतो. दोरी तयार लांबीच्या निदान चौपट हवी, आणि ती मधोमध दुमडून अडकवणार असाल तर कापताना आठपट. कमी पडली तर जोडता येत नाही, म्हणून इथे मी सढळ हात ठेवते. यातली मला सगळ्यांत आवडणारी जागा सांगते. चौकोनी गाठ डावीकडून एकदा, उजवीकडून एकदा अशी आलटून पालटून मारली की पट्टी सपाट पडते. तीच अर्धी गाठ पुन्हा पुन्हा एकाच बाजूने मारत गेलं की पाच-सहा गाठींनंतर दोरी आपणहून वळायला लागते आणि छान पिळाचा गोफ तयार होतो. वळवावी लागत नाही. इतक्या वर्षांनीही ती वळायला लागली की मी क्षणभर थांबते. देण्याआधी भिजलेल्या मातीची कुंडी अडकवून दोन दिवस टांगून ठेवते. सुती दोरी थोडी ताणली जाते आणि ओली कुंडी भलतीच जड असते.

या प्रश्नाच्या मागे बऱ्याचदा दुसरा प्रश्न असतो, ‘माझ्या हातात कला नाही, आणि आता हे वय का शिकायचं?’ त्यांना मी मेरी डिलेनी या इंग्रज बाईंबद्दल सांगते. त्यांचा जन्म १७०० सालचा. रंगीत कागदाचे बारीक तुकडे कापून, काळ्या पार्श्वभूमीवर एकावर एक चिकटवून हुबेहूब फुलं करायला त्यांनी सुरुवात केली ती वयाच्या बहात्तराव्या वर्षी. पुढच्या दहा वर्षांत त्यांनी जवळपास हजार फुलं केली. नजर गेली तेव्हा थांबल्या. ती फुलं आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. साधनं तीच, कागद, कात्री आणि चिकटवायला काहीतरी. आपल्याला तेवढं करायचं नाहीये. एक वही करायची आहे.

माझ्या भाचीला मी गेल्या वर्षी अशी एक वही दिली होती. निळं वेष्टण, पांढरा दोरा, आत आठच कागद. मुद्दाम पातळ केली, कारण जाडजूड सुंदर वहीत लिहायला हात धजत नाही आणि ती कोरीच राहते. परवा ती आली, पिशवीतून वही काढली आणि माझ्यापुढे ठेवली. वेष्टणाचे कोपरे मऊ पडले होते, घडीवर रंग उडाला होता, आत शेवटच्या ओळीपर्यंत लिहिलेलं होतं. म्हणाली, “मावशी, हे वेष्टण मला असंच हवंय. आतली पानं तेवढी नवी घालून दे.” मी आतली गाठ कापली, दोरा उसवला, लिहिलेली पानं तिला परत दिली. वेष्टणाची भोकं जुनीच होती, बरोबर जागेवर. नव्या कागदांवर ती मांडून खुणा केल्या आणि सुईत दोरा ओवायला घेतला.