आमची घरगुती राजदूत ३५०

राजदूत ३५० म्हटलं की जुन्या गाडीवाल्यांना एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये आणलेली यामाहाची आरडी आठवते. आमची ती नव्हे. आमची म्हणजे दूधवाल्यांच्या साध्या राजदूतची दोन इंजिनं शेजारी शेजारी जोडून केलेली गाडी. एक इंजिन १७३ सीसीचं, दोन मिळून ३४६. कमी पडलेले चार सीसी आम्ही नावात भरून काढले.

कोल्हापुरात उद्यमनगरात माझं लेथचं जॉबवर्क आहे. दिवसभर पंपाचे शाफ्ट, बुश, पुल्या. संध्याकाळी सातनंतर मशीन माझं. दोन्ही इंजिनं भंगारातून किलोच्या भावाने आणली. एकाचा पिस्टन जाम, दुसऱ्यात उंदराचं घरटं. शेजारच्या तात्यांनी वडणग्याहून शहरात बावीस वर्षं राजदूतवर दुधाचे कॅन आणले आहेत. इंजिनं टेम्पोतून उतरताना ते गेटवर उभे होते.

"दोन भाकड म्हशी एका दाव्याला बांधल्या म्हणून दूध येतंय व्हय रं?"

मी हसून नेलं. पण पुढे आठ महिने हे वाक्य डोक्यातून गेलं नाही.

हे वेड लागलं ॲलन मिलयार्डमुळे. इंग्लंडमधला हा गृहस्थ कावासाकीच्या तीन सिलिंडरच्या टू-स्ट्रोक इंजिनाला चौथा आणि पाचवा सिलिंडर लावतो, आणि केसिंग कापतो साध्या हॅक्सॉने, हाताने. प्रॅट अँड व्हिटनीच्या विमानाच्या इंजिनातले दोन सिलिंडर घेऊन त्याने पाच लिटरची व्ही-ट्विन (दोन सिलिंडर इंग्रजी 'व्ही'सारखे तिरके) मोटारसायकल केली आहे. त्याचाच देशबंधू सायमन व्हाइटलॉक तर ४८ सिलिंडरवर जाऊन थांबला. ते मला झेपणारं नाही, आणि खरं सांगायचं तर ४८ ठिकाणी प्लग बदलायची माझी इच्छाही नाही. पण हॅक्सॉ? ती तर माझ्याकडे चार आहेत.

"बुलेटची व्ही-ट्विन का नाही केलीस?" असं सगळे विचारतात. वाट जुनीच आहे. १९३६ च्या सुमाराला व्हिन्सेंट कंपनीत फिल आयर्विंगने ५०० सीसीच्या एका सिलिंडरच्या इंजिनाच्या ट्रेसिंगवर त्याचंच दुसरं ट्रेसिंग तिरकं ठेवलं, आणि हजार सीसीची व्ही-ट्विन कागदावर दिसली. आपल्याकडच्या बुलेटवर हाच प्रयोग दोघांनी तडीस नेला. ओहायोत राहणाऱ्या अनिकेत वर्धन यांनी केसिंगचे लाकडी पॅटर्न स्वतः घडवून ५९ अंशांची 'मस्केट' केली. पॉल कार्बेरी यांची ५५ अंशांची व्ही-ट्विन ऑस्ट्रेलियातून निघून थेट छत्तीसगडात भिलाईला पोचली. व्हीमध्ये दोन्ही कनेक्टिंग रॉड एकाच क्रँकपिनवर बसतात, त्यामुळे क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वरखालीचं फिरणं करणारा दांडा, एकच राहतो, ही मोठी सोय. पण केसिंग मात्र नवं ओतावं लागतं. आमच्या कोल्हापुरात फाउंड्र्यांना तोटा नाही, पण त्या बिडाच्या आणि टनावारी काम करणाऱ्या. माझ्या एका ॲल्युमिनियमच्या नगासाठी कोण भट्टी पेटवणार? ओळखीच्या एका फाउंड्रीवाल्याने चहा पाजला आणि विषय पावसावर नेला.

म्हणून टू-स्ट्रोक. त्यात व्हॉल्व्ह नाही, कॅमची चेन नाही, ऑइल पंप नाही. फक्त एक अट. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनखालची जागाही कामाची असते. पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी तिथे दाबलं जातं आणि मग वर जातं. त्यामुळे प्रत्येक सिलिंडरला खाली आपली स्वतंत्र, हवाबंद खोली लागते. दोन वेगळी इंजिनं जोडली की त्या खोल्या आयत्याच मिळतात. पहिल्या इंजिनाचा क्लच आणि गिअरबॉक्स ठेवायचा, ठिणगीची वीज बनवणाऱ्या मॅग्नेटची बाजू मोकळी करायची. दुसऱ्याचा गिअरबॉक्स कापून टाकायचा, मॅग्नेट ठेवायचं. मग पहिल्याची मोकळी बाजू आणि दुसऱ्याची क्लचची बाजू एकमेकांना चिकटवायची. दोन क्रँक १८० अंशांवर, म्हणजे एक पिस्टन वर तेव्हा दुसरा खाली. ठिणगीसाठी मॅग्नेटच्या प्लेटवर समोरासमोर दोन सीबी पॉइंट (ठिणगीचे स्विच) आणि दोन कॉइल. कॅम एकच, तो अर्ध्या फेऱ्यात एकाला उघडतो, पुढच्या अर्ध्यात दुसऱ्याला. सांगायला दोन मिनिटं लागतात.

कापायला तीन संध्याकाळ लागल्या. ॲल्युमिनियम मऊ, ब्लेडच्या दातांत भरतं. रॉकेल टाकत राहायचं, घाई करायची नाही.

चूक झाली ती पुढे. मी दोन्ही केसिंगची तोंडं सपाट केली, बेअरिंगची घरं एका रेषेत बोअर करून घेतली, डायल लावून स्वतःवर खूश झालो, आणि मग आर्गॉन वेल्डिंग मारायला दिलं. सव्वीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसाने आधी बोरिंग आणि मग वेल्डिंग! आमच्याकडच्या नव्या पोरालाही कळतं की वेल्डिंगच्या उष्णतेने केसिंग ओढलं जाणार. परत आलं तेव्हा दोन टोकांच्या बेअरिंगमध्ये पॉइंट बारा मिलिमीटरचा फरक. त्यात पन्नास वर्षं तेल प्यालेलं कास्टिंग, वेल्डिंगमध्ये काळे बुडबुडे आलेले. वेल्डरने मलाच झापलं, "शेट, हे आधी भाजून तेल काढायचं नाही का?" त्याचं बरोबर होतं.

दुसऱ्यांदा क्रम उलटा केला. केसिंग सोड्यात उकळलं, ओव्हनमध्ये भाजलं (कारखान्यातला ओव्हन, घरचा नव्हे, ही खात्री बायकोने दोनदा करून घेतली), वेल्डिंग करून घेतलं, चार दिवस तसंच ठेवलं आणि मग चारही घरं एका सेटिंगमध्ये मोठी बोअर करून त्यांत बुश बसवले. आता फरक पॉइंट झीरो दोन. लोक सीसी विचारतात, टॉप स्पीड विचारतात. हा आकडा अजून एकानेही विचारलेला नाही.

मधल्या जोडाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण अख्खी गाडी त्याच्यावर उभी आहे. दोन्ही क्रँकच्या आतल्या टोकांना टेपर, म्हणजे निमुळता उतार, आहे. प्रत्येकावर एक गोल फ्लँज, म्हणजे भोकांची चकती, आणि ते दोन फ्लँज समोरासमोर चार बोल्टने आवळलेले. फ्लँजचा व्यास बेअरिंगच्या घरापेक्षा कमीच ठेवावा लागला, नाहीतर क्रँक फ्लँजसकट आत जाणार कसा? बोल्ट आवळायला केसिंगच्या मध्यभागी वरून काडेपेटीएवढी खिडकी कापली. एक बोल्ट आवळायचा, क्रँक पाव फेरा फिरवायचा, पुढचा बोल्ट खिडकीखाली येतो. शेवटी खिडकीवर पत्र्याचं झाकण.

पहिल्या दिवशी गाडी सुरू झाली, चार मिनिटं चालली, शेडमध्ये निळा धूर आणि टाळ्या. दुसऱ्या दिवशी किक मारली आणि किकने मला मारली. नडगीवर अजून खूण आहे. खिडकी उघडून पाहिलं तर एका टेपरच्या आणि फ्लँजच्या खाचेत बसणारा अर्धचंद्राचा तुकडा, म्हणजे चावी, कापली गेलेली. दुसरा क्रँक काही अंश सरकलेला, आणि ठिणगीचा कॅम त्याच्याच टोकाला. म्हणजे पहिल्या सिलिंडरला ठिणगी भलत्याच वेळी. मी जाड चावी करायला बसलो होतो, तेवढ्यात शेजारच्या शेडमधले मिस्त्रीमामा आले. त्यांनी फ्लँज उलटा करून उजेडात धरला.

"चावी जागा दाखवायला असती. भार टेपरनं उचलायचा असतोय. ह्यो टेपर बसलाय कुठं?"

टेपर कुठे टेकतो ते बघायला त्याला निळा रंग लावून फ्लँज बसवून काढला, तर रंग फक्त तोंडाशी लागलेला, बोटाच्या पेराएवढा. आत सगळं मोकळं. मग व्हॉल्व्ह बसवायची ग्राइंडिंग पेस्ट लावून तो टेपर हाताने घासला. थोडं फिरवायचं, उचलायचं, पुन्हा फिरवायचं. दोन रात्री गेल्या. तिसऱ्यांदा निळं लावलं तेव्हा रंग पूर्ण लांबीवर एकसारखा उमटला. चावी पहिल्याच मापाची घातली. ती अजून शाबूत आहे.

बाकीचं भराभर उरकलं. क्लच घसरत होता, त्याच्या स्प्रिंग कडक केल्या. दोन कार्बोरेटर, दोन सायलेन्सर, वायरिंग पोराने केलं. गाडी रस्त्यावर काढत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलात असा फेरफार चालत नाही, त्यामुळे ती शेडच्या मागच्या पटांगणातच फिरते. दुसऱ्या गिअरच्या पुढे जायला तिथे जागाही नाही.

दसऱ्याला हत्यारांच्या पूजेबरोबर तिला हार घातला आणि सगळ्यांसमोर सुरू केली. एका सिलिंडरची राजदूत फट-फट-फट चालते, मध्ये श्वास घेते. हिचा आवाज सलग. पोरं मोबाइल वर धरून उभी, कुणीतरी "नाद खुळा!" ओरडलं. तात्या पुढे आले. आता म्हशीचा विषय निघणार म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. ते काहीच बोलले नाहीत. वाकले, डाव्या सिलिंडरजवळ कान नेला, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या.

"डावीकडची पिन वाजतीया. बुश बघ."

माझ्या कानाला काहीच ऐकू येत नव्हतं. संध्याकाळी पेढे वाटून झाल्यावर शेडचं शटर अर्धं ओढलं आणि डावा सिलिंडर उतरवला. कनेक्टिंग रॉड एका हाताने धरून पिस्टन हलवला. पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या गजन पिनच्या बुशमध्ये अगदी बारीक खळखळ होती.