आधी खटका ऐकायचा, मग रंग बघायचा

टेक्सासमध्ये सॅन अँटोनिओजवळ एका बंदुकांच्या दुकानात मी वापरलेल्या हत्यारांची पारख आणि दुरुस्ती करतो. काम शिकलो ते पिंपरीच्या टूलरूममध्ये, त्यामुळे फट मोजायच्या पट्ट्या (फीलर गेज) आणि भोक मोजायच्या दांड्या (पिन गेज) यांवर हात आधीच बसलेला होता. इकडे येऊन त्याला फक्त नवा विषय मिळाला.

आमच्या काउंटरवर 'जुनं कोल्ट' म्हणून जी सिंगल-ॲक्शन रिव्हॉल्वरं (दर गोळीला घोडा, म्हणजे मागची हातोडी, अंगठ्याने ओढावा लागतो अशी) येतात, त्यातली बहुतेक इटलीत बनलेली रेप्लिका असतात. कोल्ट या अमेरिकन कंपनीचं मूळ मॉडेल १८७३ चं. त्याची हुबेहूब प्रत उबेर्ती, पिएत्ता या ब्रेशा प्रांतातल्या कंपन्या वर्षानुवर्षं काढतायत. काउबॉय पोशाखात नेमबाजीच्या स्पर्धा खेळणाऱ्यांना त्या लागतात, तेही जोडीने, कारण या स्पर्धेत दोन रिव्हॉल्वरं लागतात. प्रत म्हणजे हलका माल असं मी मुळीच मानत नाही. नीट बसवलेली इटालियन रेप्लिका हे सुंदर यंत्र असतं.

त्या दिवशी एक बाई आल्या, शाळेत शिकवणाऱ्या. वडील वारले होते आणि घर आवरायचं चाललं होतं. त्यांनी काउंटरवर मखमली अस्तराची एक पेटी ठेवली आणि शेजारी मोज्यांत गुंडाळलेली दोन रिव्हॉल्वरं. ''पेटीतलं कोल्ट आहे, १८८० च्या सुमाराचं. त्याचा विमा काढायचाय, किंमत लिहून द्या. हे दोन झिजलेले आहेत, ते विकून टाकायचे.''

तिन्ही रिकामी आहेत ना ते आधी पाहिलं. घोडा अर्ध्यावर आणायचा, बाजूची झडप उघडायची आणि सिलिंडर फिरवत काडतुसांची सहाही घरं डोळ्यांनी बघायची. समोरचा कितीही खात्रीने सांगू दे, मी हे सोडत नाही.

पेटीतलं रिव्हॉल्वर दिसायला देखणं होतं. निळं पॉलिश उडून करडा-तपकिरी रंग आलेला, कडा गुळगुळीत, मूठ काळपट. पण हा करडेपणा सगळीकडे सारखा होता आणि तिथेच मी थांबलो. खरी झीज सारखी नसते. चामड्याच्या म्यानात वर्षानुवर्षं आत-बाहेर झालेल्या हत्याराचा रंग नळीच्या तोंडाशी आणि सिलिंडरच्या पुढच्या कडेला आधी उडतो, खाचाखोचांत तो टिकून राहतो. इथे खाचाही तेवढ्याच करड्या. पट्टीवरचा क्रमांक शाबूत होता, पण त्याच्या सुरुवातीला अक्षर होतं. त्या काळच्या कोल्टचे क्रमांक नुसत्या आकड्यांचे. सिलिंडरच्या मधून जाणारी पिन काढली, तर तिच्यावर एकाऐवजी दोन खाचा. पिन आणखी आत ढकलली की घोडा पूर्ण पुढे येत नाही. अमेरिकेच्या आयात नियमांसाठी रेप्लिकांमध्ये केलेली ही सोय एकोणिसाव्या शतकात असणं शक्यच नाही. आणि नळीच्या खालच्या बाजूला बोट फिरवलं तर किंचित खोलगट लागलं. तिथलं काहीतरी कानशीने घासून काढलेलं होतं. आयात केलेल्या हत्यारावर आयातदाराचं नाव असावंच लागतं, १९६८ च्या कायद्यापासून.

मला राग आला. एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यात खोटा माल मारणाऱ्यांबद्दल मला मनापासून चीड आहे. बाईंची परवानगी घेऊन मी रिकाम्या पुंगळ्या ढकलणाऱ्या दांडीचं घर सोडवलं. त्याच्याखाली, घासणाऱ्याचा हात पोचला नव्हता तिथे, ब्रेशा प्रांतातल्या गार्दोने गावच्या सरकारी बंदूक-चाचणीगृहाचा ठसा होता आणि शेजारी छोट्या चौकोनात दोन अक्षरं, बी झेड. इटलीत चाचणीचं साल असं अक्षरांत ठोकतात. १९७५ साठी ए ए, पुढे क्रमाने, काही अक्षरं वगळून. बी झेड म्हणजे २००५.

बाईंना तो ठसा भिंगातून दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ''म्हणजे बाबांना फसवलं कुणीतरी?''

उत्तर द्यायच्या आधी मी मोज्यांतली जोडी हातात घेतली. बाहेरून खरंच दैना होती. नळीची तोंडं पांढरी पडलेली, मुठींवर ओरखडे. घोडा सावकाश मागे ओढला. चार खटके, चारही स्वच्छ. घोडा पूर्ण चढतो त्याच क्षणी सिलिंडरचं कुलूप खाचेत बसलं पाहिजे. आधी पडलं तर सिलिंडरवर गोल रेघ कोरली जाते, उशिरा पडलं तर सिलिंडर फिरवणारा पंजा आखूड झालाय असं समजावं. सिलिंडरवर बोटाचा हलका दाब ठेवून सहाही घरं तपासली. दोन्ही रिव्हॉल्वरांत कुलूप वेळेवर. इतक्या वापरानंतरही सिलिंडरवर रेघ जवळजवळ नाही. चढवलेल्या घोड्याला मागून अंगठ्याने रेटलं, सुटला नाही. नळी आणि सिलिंडरमधली फट इंचाच्या हजार भागांतल्या सहा भागांएवढी, दोन्हीकडे तेवढीच. सिलिंडरच्या सहाही तोंडांत पिन गेज सारखी बसली. आत कारखान्याच्या चपट्या स्प्रिंगऐवजी तारेची स्प्रिंग होती, कारण चपटी पुढेमागे तुटतेच. घासणारे सगळे पृष्ठभाग दगडाने हळुवार गुळगुळीत केलेले, आणि तरीही एकाही स्क्रूची खाच फाटलेली नाही. कच्च्या हाताचा माणूस आधी स्क्रूंवर उघडा पडतो. वर दोघांचे क्रमांक लागोपाठचे.

मग पेटीतलं पुन्हा उघडलं. आतही तीच तारेची स्प्रिंग, तोच दगडाचा हात. दांडीच्या घराच्या स्क्रूवर निळ्या लॉकिंग गोंदाचा टिपका होता, जोडीतल्या स्क्रूंवर होता तसाच.

''तुमच्या वडिलांनी हे स्वतः उघडलं होतं,'' मी सांगितलं. ''हा ठसा त्यांनी पाहिला होता. हे काय आहे ते त्यांना पक्कं माहीत होतं.'' या छंदातले काही लोक पोशाखाला शोभावं म्हणून आधुनिक अक्षरं घासून टाकतात आणि हत्याराला मुद्दाम जुनं रूप देतात. कानस त्यांनीच चालवली की आधीच्या मालकाने, हे मला सांगता येणार नव्हतं, तसं मी स्पष्ट म्हटलंही.

बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ''बाबा त्याला कधीच कोल्ट म्हणाले नव्हते. आम्ही घरातलेच म्हणायचो. ते नुसते हसायचे.''

कायद्याची बाजूही समजावून सांगावी लागली. १८९८ पर्यंत बनलेलं हत्यार केंद्रीय कायद्याने पुरातन वस्तू ठरतं आणि त्याला बंदुकीचे नियम लागत नाहीत. २००५ चं, आजची काडतुसं घेणारं रिव्हॉल्वर मात्र साधी आधुनिक बंदूक आहे, दिसायला कितीही जुनं असो. पुरातन म्हणून ते भलत्याच्या हाती गेलं असतं तर अडचण झाली असती.

पेटीतल्याचे मी साडेतीनशे डॉलर सांगितले. चालतं उत्तम, पण घासलेल्या खुणा किंमत खाली ओढतात. खरं कोल्ट असतं तर आकडा हजारांत गेला असता, हेही लपवलं नाही. जोडीचे अकराशे. दुसऱ्या एका दुकानात त्यांना तिन्हीचे मिळून सहाशे सांगितले होते, तेही घोडा न ओढता. हे ऐकून मला जास्त वाईट वाटलं. नुसत्या रंगावरून भाव करणं म्हणजे त्या माणसाने वर्कबेंचवर घालवलेल्या संध्याकाळी मोजायच्याच नाहीत.

बाईंनी पेटीतलं विकलं. आमच्या वहीत आणि चिठ्ठीवर मी 'इटालियन रेप्लिका, २००५, खुणा घासलेल्या' असं ठळक लिहिलं, म्हणजे पुढचा कुणी त्याला कोल्ट म्हणणार नाही. जोडी त्यांनी ठेवून घेतली. भरायची कशी ते विचारलं, तेव्हा डमी काडतुसं घेऊन दाखवलं: एक भरायचं, एक घर सोडायचं, चार भरायची, घोडा पूर्ण चढवून सावकाश उतरवायचा, म्हणजे तो रिकाम्या घरावर येतो. सहा घरांत पाचच, म्हणजे घोड्याला धक्का लागला तरी गोळी सुटत नाही. त्यांनी माझ्यासमोर ते पुन्हा पुन्हा केलं, न चुकता येईपर्यंत.