फ्लॅट वायपरची पाती : वाक नेमका कुठे हवा?

मंडळी, गाडीचा फ्लॅट वायपर (कमानींचा सांगाडा नसलेला, रबराच्या पाठीशी पोलादी पाती असलेला) पाणी नीट पुसत नाही म्हणून चाललेलं रबरं बदलून बघणं मी तूर्त थांबवलंय. नैसर्गिक रबर, सिलिकॉन, ग्राफाइटचा थर दिलेलं रबर, सगळी एकाच जागी पाणी सोडत होती : ड्रायव्हरकडच्या ब्लेडच्या बाहेरच्या टोकाची वीतभर पट्टी. रबर कुठलंही लावा, पट्टी तीच. म्हणजे गोम रबरात नाही, त्याच्या पाठीवरच्या दाबात आहे.

बाकावरची मांडणी अशी आहे. भंगारातली पुढची काच मूळच्या उतारावर लाकडी चौकटीत बसवलेली, त्याच गाडीची मोटर आणि लिंकेज (मोटरची हालचाल वायपरपर्यंत नेणाऱ्या दांड्या), १२ व्होल्टची बॅटरी आणि झाडांवर फवारायची बाटली. (मोटर विजेची आहे हे आपलं नशीब. पूर्वी कित्येक गाड्यांचे वायपर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालायचे. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की व्हॅक्यूम पडायचा आणि वायपर ढेपाळायचे. कुंभार्ली घाटात ऐन जुलैत काय झालं असतं, कल्पना करा. अमेरिकी नियमात एक वेग मिनिटाला किमान ४५ फेऱ्यांचा हवा आणि तो इंजिनावरच्या भाराने बदलता कामा नये, असं स्पष्ट लिहिलंय, ते यासाठीच.)

आधी आर्मची, म्हणजे ब्लेड धरणाऱ्या दांड्याची, स्प्रिंग तपासली. बॅगा तोलायचा हुकाचा काटा आर्मच्या टोकाला अडकवायचा, काचेशी काटकोनात ओढायचं आणि रबर काचेवरून सुटतं त्या क्षणीचा आकडा टिपायचा. ढोबळमानाने ब्लेडच्या दर सेंटिमीटरला १५ ग्रॅमच्या आसपास भार पडायला हवा. २२ इंची ब्लेड म्हणजे ५६ सेंटिमीटर, म्हणजे साधारण ८४० ग्रॅम. काटा ८१० दाखवतो. स्प्रिंग ठणठणीत आहे.

पण स्प्रिंग देते तो एकूण भार. तो ब्लेडभर वाटायचं काम जुन्या सांगाड्याच्या ब्लेडमध्ये कमानीवर कमानी करायच्या, सहा-आठ ठिकाणी रबर दाबून. फ्लॅट ब्लेडमध्ये हे सगळं एकट्या पोलादी पातीच्या गळ्यात. ती मोकळी असताना काचेपेक्षा जास्त वाकलेली असते; काचेवर दाबली की सरळ होते, पण परत वाकू बघते आणि त्यातून दाब तयार होतो. वाटणी बघायला पारदर्शक शीटच्या बोटभर रुंद पट्ट्या कापल्या, रबराखाली ठिकठिकाणी सरकवल्या आणि एकेक ओढून पाहिली. मध्याजवळच्या घट्ट, बाहेरच्या टोकाची अलगद हातात आली.

आता खरी गंमत. टोक उचलतंय तर टोकच आत वाकवा, हा गॅरेजमधला ठरलेला कानमंत्र. गणित उलटं सांगतं. भार मध्यावर येतो आणि दोन्हीकडे सारखा वाटायचाय, तर पातीतला वाकवणारा जोर मध्यावर सर्वांत जास्त असतो आणि टोकाशी शून्य. मधल्या कुठल्याही जागी तो टोकापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणून सारख्या जाडी-रुंदीच्या पातीला काचेपेक्षा जो जादा वाक द्यायचा, तोही त्याच हिशोबाने : मध्यावर पूर्ण, मध्य आणि टोक यांच्या बरोबर मधोमध पाव, आणि टोकाशी काहीच नाही. टोकाजवळ पाती नुसती काचेच्या गोलाईची हवी. फक्त टोक वाकवलं तर सगळा दाब शेवटच्या दोन बोटांवर जमा होतो आणि त्याच्या अलीकडचा भाग अधांतरी राहतो.

पाती जास्त जाड घेतली तर काय, असं कुणीतरी विचारलं होतं. कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. ०.९ मिलिमीटरऐवजी १ मिलिमीटरची पाती घेतली तर ती ३७ टक्के जास्त कडक, म्हणजे तेवढ्याच दाबाला जादा वाक कमी लागेल. ऐकायला सोयीचं, पण कडक पाती काचेची बदलती गोलाई कमी सांभाळते. काचेच्या कडेला गाडीचा खांब असतो, त्याच्याकडे काच जास्त वळते, मध्यावर जवळजवळ सपाट असते. एकाच पातीला दोन्ही निभवायचंय. इंडिकासारख्या एकवायपर गाडीत तर तेच ब्लेड या खांबापासून त्या खांबापर्यंत फिरतं, तिथे हा प्रश्न आणखी छळेल. मी ०.९ वरच राहिलो.

स्वस्तातल्या सरसकट मापाच्या ब्लेडमधून पाती काढली. तीन बेअरिंगांचा छोटा रोलर केला, दोन खाली, एक वर स्क्रूवर. स्प्रिंग स्टील परत उसळतं, त्यामुळे स्क्रू थोडा थोडा आवळत, मध्याकडून टोकाकडे सैल करत न्यायचं. कागदावर आधी काचेची गोलाई उतरवली, तिच्यावर हवा तो वाक काढला आणि पाती त्यावर उभी धरून जुळवत गेलो. चिकाटीचं काम आहे, अवघड नाही.

निकाल : पट्ट्या आता ब्लेडभर जवळपास सारख्या जोराने निघतात. पाण्याची वीतभर पट्टी गेली. भरपूर पाण्यात पुसणं स्वच्छ. काच अर्धवट सुकली की मात्र खांबाकडे ब्लेड परत फिरतं तिथे थरथर होते. ओल्या काचेवर पाणीच वंगण असतं. अर्धवट सुकताना घर्षण एकदम चढतं आणि रबर अडकत-सुटत चालतं. त्यात ब्लेड परत फिरताना रबराची ओठासारखी कड दुसऱ्या बाजूला उलटायला हवी, ती तिथे उशिरा उलटते.

यावर कुणी कड पॉलिश पेपरने घासायला सांगेल. नका घासू. ही रबरं बहुधा जोडीने तयार करून मधोमध चिरतात. त्या चिरलेल्या कडेचा धारदार कोपराच पाणी कापतो, आणि रबराचा पृष्ठभाग क्लोरीनची प्रक्रिया करून मुद्दाम कडक केलेला असतो. पेपर दोन्ही घालवतो.

माझा संशय आर्मच्या पिळावर आहे. फेरीच्या दोन्ही टोकांना ब्लेड मध्याच्या दिशेने किंचित कललेलं असलं की कड सहज उलटते. फोन आधी काचेवर, मग आर्मच्या टोकावर ठेवून कोनाचं ॲप वाचलं : विश्रांतीच्या जागी कल बरोबर आहे, खांबाकडे जवळपास शून्य. आर्म व्हाइसमध्ये धरून हलका पीळ देणार आहे, पण त्याने विश्रांतीकडचा कल कमी होणार, म्हणून आधी सेरियम ऑक्साइडने (काच पॉलिश करायच्या पुडीने) काच घासून तेलकट थर काढतो आणि मग पुन्हा मोजतो. कुणी दोन्ही टोकांचे कोन आपल्या गाडीवर मोजले असतील तर आकडे हवेत, काचेच्या उतारासकट.