तुम्ही विचारलंत म्हणून: त्या पैशाचा उपयोग होतो का?

लग्नाच्या पंगतीत, एसटीत, पालकसभेत. मी सर्व्हेचं काम करतो हे कळलं की प्रश्न ठरलेला: "बाहेरच्या देशांचा एवढा पैसा येतो, खरंच काही उपयोग होतो का हो?" उत्तरही त्यांचं त्यांच्याकडेच तयार असतं, "मधल्यामध्ये खातात सगळे." मी फक्त मान डोलवायची. चौदा वर्षं डोलवली.

अहो, उपयोग झाला, पण कशाच्या तुलनेत? संडास बांधले आणि जुलाब कमी झाले, तर त्याच वर्षी गावात नळही आला असेल. म्हणून चिठ्ठ्या टाकून काही गावांत काम करतात, काहींत नाही, आणि दोन्हीकडच्या पोरांची उंची मोजतात. सरकारच्या स्वच्छता मोहिमेची अशी पाहणी 2004 च्या सुमारास जागतिक बँकेच्या साथीनं आपल्याकडेच झाली. नगर, नांदेड आणि नंदुरबारची प्रत्येकी 60 गावं निवडली. मोहीम प्रत्यक्षात उतरली ती नगरमध्येच. तिथली पोरं तुलनेनं उंच निघाली. आता बाकीच्या दोन जिल्ह्यांचं उत्तर काय द्यायचं? उपयोग झाला नाही, की काम झालंच नाही? पंगतीत एवढं कोण ऐकतं.

माझं स्वतःचं सांगतो. तालुका सांगणार नाही. पैसा बाहेरचा, संडास गावातले. फॉर्मवर प्रश्न होता: 'घरातली सगळी माणसं नेहमी संडास वापरतात का?' हो किंवा नाही. एका घरी दार उघडलं तर आत गोवऱ्या रचलेल्या. मनात 'नाही' लिहून मी मोकळा झालो होतो. तेवढ्यात धाकटी सून म्हणाली, "आत्याबाई वापरतात की."

सासूला अर्धांग झालेलं. आधी दोघी सुना तिला धरून पहाटे अंधारात ओढ्यापर्यंत न्यायच्या. मग दिवसभर पुन्हा न्यायला लागू नये म्हणून ती पाणीच प्यायची नाही. आता घरापासून संडासापर्यंत दोरी बांधली होती. ती धरून म्हातारी एकटी जायची. परत आत पाहिलं तेव्हा दिसलं, गोवऱ्या तिची बसायची जागा सोडून रचल्या होत्या. ओट्यावरून ती म्हणाली, "लिव्ह बाबा, आता मी पानी पिते."

फॉर्ममध्ये पाण्याचा रकाना होता. पाणी कुठून आणता, एवढाच.

सुपरवायझरला फोन लावला. "सगळे वापरतात का? नाही ना? मग नाही." मी 'नाही' लिहिलं. पुढे अहवालात 'वापर अपेक्षेपेक्षा कमी' असं आलं आणि दुसरा टप्पा झाला नाही. माझ्या एका खुणेनं तो थांबला नाही, एवढं गणित मलाही येतं.

आणि सुपरवायझर बरोबरच होता. मी 'हो' लिहिलं असतं, तर प्रत्येक सर्वेक्षकाला कुठे ना कुठे अशी एक म्हातारी भेटली असती. त्या रात्री खोलीवर मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो होतो, "आकडा म्हणजे आकडा." आज त्या पोराला विचारतो: अरे, दोरीचं समासात तरी लिहायचंस. तो म्हणतो, समास वाचतं कोण? खरंय. आता मीच सुपरवायझर आहे. मीही वाचत नाही.

2018 मध्ये बांगलादेश आणि केनियातल्या मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. शुद्ध पाणी, संडास, हात धुणं यांनी पोरांची उंची काही वाढली नाही. बांगलादेशात जुलाब मात्र कमी झाले, केनियात तेही नाहीत. एका मित्रानं लगेच मेसेज टाकला, "बघ, पैसा वाया." मी चिडून लिहिलं, उंची हे एकच माप आहे का? मग आठवलं, नगरच्या उंचीचं मी त्यालाच कौतुकानं सांगितलं होतं. मेसेज खोडला.

गेल्या महिन्यात नव्या फॉर्ममध्ये मी 'कोण कोण वापरतं' असं माणसागणिक विचारायचं सुचवलं. एका घराला अकरा मिनिटं जास्त लागत होती. वरून कापलं. मी भांडलो नाही.